जुना कंडेन्सर

“जुना कंडेन्सर कुठं हाय? दाव मना,” बाबा म्हणाले, आणि मी चहाचा कप तोंडाला लावून नुसतीच बसून राहिले. चहा कधीच संपला होता.

मागणी रास्त होती. ज्या माणसाने पस्तीस वर्षं मशिनींवर काढली, त्याला तुम्ही अमका पार्ट बदलला म्हणून सांगितलंत तर तो आधी काढलेला पार्ट मागणारच. चांगला मिस्त्री तो न मागता देतो. तेलकट कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो, म्हणजे पैसे कशाचे घेतले त्याला साक्ष राहते. ही रीत मी लहानपणापासून बघत आलेय, आणि खोटं बोलताना नेमकी तीच विसरले. कंडेन्सर बदललाच नव्हता. तो इंजिनाला ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटच्या पोटात ठणठणीत होता, आणि आता तर मॅग्नेटसकट, अख्ख्या डोझरसकट, ट्रेलरवर बसून कळंबोलीच्या कुठल्याशा यार्डात पोचलाही होता. (आमच्या घरात बाबांना ‘तू’ म्हणतात. आगरी घरांत बहुतेक तसंच. लिहायला बसलं की हात आपोआप ‘ते’ लिहितो, ही शाळेने लावलेली सवय.)

नवी मुंबईतल्या घणसोलीच्या गावठाणात आमच्या घरामागे, खाडीच्या अंगाला, एक पत्र्याची शेड आहे. १९९३ पासून तिच्यात एक कॅटरपिलर डी-फोर, पट्ट्यांवर चालणारी डोझर, उभी होती. बाबा ज्या कंत्राटदाराकडे ऑपरेटर होते त्याने यार्ड मोकळं करताना ती भंगाराच्या भावात काढली आणि बाबांनी आईचा अबोला पत्करून ती घेतली. पन्नासच्या दशकातली बनावट, पिवळा रंग फक्त कोपऱ्याकापऱ्यात उरलेला, सीटच्या जागी गोणपाटाची गादी. सुरुवातीला आसपासच्या प्लॉटांचं सपाटीकरण, तळ्यांचे बांध असली कामं तिने केली. मग जेसीबी गल्लोगल्ली झाले आणि तिला कोणी विचारेना. तेव्हापासून ती फक्त दसऱ्याची धनीण. झेंडूचा हार, नारळ, हळदकुंकू, आणि बाबा दोरी ओढणार. २०१९ च्या दसऱ्यानंतर तेही थांबलं. आधी करोना आला, मग बाबांचा गुडघा गेला. यंदा दादाला शेडची जागा हवी झाली आणि मार्चमध्ये भंगारवाल्याशी सौदा ठरला. सौदा किलोवर. चालू असो की बंद, वजन तेच आणि पैसेही तेच. बाबांनी भावात घासाघीस केली नाही. अट एकच घातली: गारी आपल्या पायानं ट्रेलरवर चढली पायजे.

“क्रेन आणतील की ते,” दादा म्हणाला.

“मढं उचलतात तसं?” बाबा म्हणाले, आणि विषय संपला.

डी-फोरला दोन इंजिनं असतात. कामाचं इंजिन डिझेलचं, चार सिलिंडरचं, आणि त्याला झोपेतून उठवायला शेजारी एक दोन सिलिंडरचं छोटं पेट्रोल इंजिन. त्याला सगळे पोनी म्हणतात. पोनीच्या फ्लायव्हीलला दोरी गुंडाळून ओढायची. ती फटफटायला लागली की जरा गरम होऊ द्यायची, मग लिव्हर टाकून तिचे दात मोठ्या फ्लायव्हीलच्या दातांत बसवायचे आणि हळूच क्लच द्यायचा. तेव्हा डिझेलचं कॉम्प्रेशन सोडलेलं असतं, त्यामुळे ते विनातक्रार फिरतं. ऑइलचा काटा उठेपर्यंत फिरवत राहायचं. दोघींचं पाणी एकच, आणि पोनीचा धूर डिझेलच्या इनटेकला शेक देत बाहेर पडतो, त्यामुळे थोरलीला उठायच्या आधी अंथरुणातच ऊब मिळते. मग कॉम्प्रेशनची लिव्हर टाकायची. पोनी कण्हते, वाकते, आता मरते की काय असं वाटतं, आणि त्याच क्षणी डिझेल द्यायचं. काळा ढेकर निघतो आणि पायाखालची जमीन धडधडायला लागते. पोनीचं काम झालं. तिला बंद करायचं ते पेट्रोलचा कॉक फिरवून, म्हणजे कार्बोरेटरमधला शेवटचा थेंब संपला की ती आपोआप विझते. पेट्रोल आत ठेवलं तर त्याचा डिंक होतो, नाहीतर फ्लोटच्या सुईवरून झिरपत ते खाली ऑइलमध्ये उतरतं. “पोनीला तहानेलीच निजवायची,” असं बाबा सांगायचे. कॉक फिरवायचं काम माझं होतं. कॉक बंद केल्यावर ती विझायला किती वेळ लागतो ते मी मनात आकडे मोजत ऐकत बसायचे. शेवटी शेवटी तिचा आवाज एकदम वर चढायचा, मग पातळ व्हायचा, दोन खोकले, आणि शांतता. तो आवाज मला पाठ आहे. म्हणजे पाठ होता असं मी समजत होते.

यंदा पोनीने दुसऱ्याच दोरीला पेट घेतला तेव्हा शेडमध्ये टाळ्या पडल्या. पुतण्या डिप्लोमाला आहे. त्याने आठवडाभर खपून सगळी तयारी केली होती. टाकी उतरवली, आत मूठभर नटबोल्ट टाकून खडखडवली, दोन तांब्ये भरतील एवढा गंज काढला. नवी नळी लावली, झाकणातला कुजका बुचाचा वायसर फेकून रबराचा नवा घट्ट वायसर बसवला, टाकी काठोकाठ भरली. आणि पोनी चालली. मिनिटभर, फार तर दीड मिनिट. मग मिसिंग मारायला लागली. खोकली, कार्बोरेटरच्या तोंडातून उलटी थुंकली, आणि बसली. अर्धा तास थांबलं की पुन्हा शहाण्यासारखी सुरू, पुन्हा मिनिट-दीड मिनिट. पाच दिवस हा खेळ चालला. ट्रेलर गुरुवारी येणार होता.

कार्बोरेटर दोनदा खोलला. बाऊलच्या तळाशी जुन्या मधासारखा थर होता, तो खरवडला. जेट वायरमधल्या तांब्याच्या एका तारेने साफ केला. टाचणी घालायची नाही, पोलादाने भोक मोठं होतं आणि मग इंजिन जन्मभर जास्त पितं, हे मला घरातल्या पाढ्यांसारखं येतं. कॉकखालच्या काचेच्या वाटीत पहिल्या दिवशी पाण्याचे गोळे लोळताना दिसले. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा पितं, पोटात मावेल तोवर गुमान ठेवतं, आणि एकदा का हद्द झाली की पाण्याला घेऊनच तळाला जाऊन बसतं. खाडीकाठच्या हवेत तर विचारायलाच नको. त्या वाटीची बुचाची गास्केटही चिकट झाली होती. जुन्या मशिनींत बुचाच्या सामानावर पुष्कळदा लाखेचा हात दिलेला असतो, आणि लाख कशात विरघळते ते सुताराला विचारा. लाखेचं पॉलिश तो स्पिरिटमध्येच करतो, आणि इथेनॉल म्हणजे दुसरं काय? म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी ज्याने ती गास्केट बसवली त्याने पेट्रोलचा विचार केला होता, दारूचा केला नव्हता. गास्केट बदलली. पाणी काढलं. पोनी पुन्हा दीड मिनिटच चालली.

प्लग काढून पाहिला तर टोक पांढुरकं, राखेसारखं. मी तो फडक्याने पुसला आणि परत बसवला. त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ मला माहीत होता, हे आता लिहिताना लाज वाटते.

बाबांचा निकाल पहिल्याच दिवशी लागला होता. खुर्ची टाकून ते शेडच्या दाराशी बसले होते, इंजिनाच्या पत्र्यावर डावा पंजा ठेवून. पोनी बसली तसा पंजा उचलला आणि म्हणाले, “मॅग्नेट. गरम झाला का सोरतंय. कंडेन्सर गेलाय त्याचा.” त्यांच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती. मॅग्नेटमध्ये पॉइंटच्या जोडीला एक बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू नये, सगळा जोर प्लगकडे जावा, हे त्याचं काम. म्हातारा झाला की थंडीत नीट वागतो, तापला की आतून गळतो, ठिणगी पिवळी पडते आणि इंजिन बसतं. निवला की पुन्हा चांगला. आमच्या पोनीची लक्षणं अशीच्या अशी होती. शंका मला आली ती बाबांच्या तर्काची नव्हे, पंजाची आली. ज्या माणसाने एके काळी शेताच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या मशीनचा कुठला सिलिंडर मरतोय ते सांगितलं असतं, तो आता हाताने ऐकत होता.

तीस वर्षं डोझरवर, कानाला फडकं गुंडाळण्यापलीकडे काही नाही. असे कान जातात तेव्हा बारीक आवाज आधी जातात. टीव्हीवरच्या बातम्या मोठ्याने लावल्या तरी नातीचं बोलणं समजत नाही, पण घरापुढून डंपर गेला तर मान वळते. आणि मॅग्नेट मरतंय की पेट्रोल तुटतंय हे सांगणारे आवाज सगळे बारीकच. ठिणगी गेली की इंजिन कोणी बटण दाबल्यासारखं तुटतं, आणि न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन फाटकन पेटतं. पेट्रोल कमी पडलं तर मात्र ते उपाशी माणसासारखं हळूहळू पातळ होतं, आवाज वर चढतो, आणि खोकला येतो तो पुढून, कार्बोरेटरच्या तोंडातून. हा फरक बाबांनीच मला शिकवला होता. त्यांच्या पंजाला फक्त इतकंच कळत होतं की चालू होती आणि आता नाही. तेवढ्यावर निकाल द्यायचा तर मॅग्नेटच द्यावा लागतो. मीसुद्धा तोच दिला असता.

आणि मी पाच दिवस तोच मानला. फिजिक्स शिकवणारी बाई वडील सांगतात म्हणून कान असून ऐकत नव्हती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी शेडमागे बांधावर जाऊन बसले. ओहोटी होती. चिखलावर निवट्या टुणटुणत होत्या, पलीकडे ऐरोलीच्या काचेच्या इमारतींवर ऊन उतरत होतं. आमच्या आजीची तीन खाचरं याच खाडीला लागून होती. खारा राता पिकायचा. लाल भात, जाड, शिजताना घरभर वास. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून गाव मिळून बांध घालायचं, उघाड्या, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, राखायचं, आणि बांध फुटला तर मध्यरात्री कंदील घेऊन सगळे धावायचे. १९७० मध्ये सिडको, नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, आली. खाचरं संपादनात गेली आणि बाबा, विशीच्या उंबरठ्यावरचे, वाशीच्या भरावाच्या कामावर हेल्पर म्हणून लागले. दोन-तीन वर्षांत ऑपरेटर झाले. १९७३ ला खाडीवर पूल झाला तोवर त्यांच्या हाताखाली दोन पोरं होती. आजी म्हणायची, माझा ल्योक जमिनीला इस्त्री करतो. हे ती कौतुकाने म्हणायची की टोचून, ते आम्हाला कधी कळलं नाही. बाबांना विचारलं तर म्हणायचे, कोणीतरी करणारच होता, मग पगार आपल्या घरात का नको? १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांनी चालवलेल्या आंदोलनात उरणकडे गोळ्या चालल्या, पाच जण गेले, तेव्हा बाबा कामावर गेले नाहीत. तीन दिवस घरी बसून होते. चौथ्या दिवशी गेले. गेलेल्या जमिनीपोटी परत मिळणारा साडेबारा टक्क्यांचा भूखंड पुढे आम्हालाही मिळाला, त्यावर दादाची इमारत आहे, आणि त्याच इमारतीच्या गाड्यांसाठी शेड मोकळी करायची होती. हे सगळं एका सरळ रेषेत मांडता येईल, पण मला ते तसं कधी जमलेलं नाही.

या पट्ट्याच्या मशिनींचा जन्मही चिखलातलाच. अमेरिकेत स्टॉकटनजवळ नद्यांच्या मुखाशी मऊ, दलदलीची शेतं होती. वाफेवरचे जड ट्रॅक्टर त्यांत रुतून बसायचे. चाकं रुंद करून पाहिली, आणखी रुंद केली, शेवटी १९०४ मध्ये बेंजामिन होल्टने चाकंच काढली आणि लाकडी फळ्यांची साखळी बसवली. ट्रॅक्टर आपला रस्ता आपणच पुढे अंथरत, मागून गुंडाळत चालायला लागला. बाबांना मी हे कधीतरी वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, “म्हंजे तिकरंबी खारीच होती.” माझ्या मते यापेक्षा नेमका इतिहास कोणी सांगितलेला नाही.

बुधवारी सकाळी बाबा देवळात गेले होते. मी पुतण्याला म्हटलं, आज आपण निकाल बाजूला ठेवू आणि पहिल्यापासून बघू. एक जादा प्लग वायरला जोडून ब्लॉकवर आडवा टाकायची तयारी ठेवली. पोनी चालू केली. दीड मिनिटाने ती पातळ व्हायला लागली तसा पुतण्याने सहज, काही न ठरवता, चोक अर्धा ओढला, म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त. आणि ती सावरली. आणखी दहा-बारा सेकंद जगली आणि मग बसली. ताबडतोब वायर काढून जादा प्लगला लावली, दोरी ओढली. निळी, जाडजूड ठिणगी. मॅग्नेट तापलेलं असताना. पुतण्या माझ्याकडे बघायला लागला. मी कार्बोरेटरची नळी सोडवून बाटलीत धरली. पेट्रोलची धार आली, धारेची तार झाली, तारेचे थेंब झाले, आणि टाकी काठोकाठ भरलेली असताना थेंब थांबले.

मी टाकीचं झाकण फिरवलं. सूंऽऽ करून हवा आत गेली आणि बाटलीत धार धो धो सुरू झाली.

दर वर्षी अकरावीच्या वर्गात मी काचेच्या ग्लासात स्ट्रॉ बुडवते, वरच्या टोकावर बोट दाबते आणि उचलते. पाणी पडत नाही. बोट काढते, पडतं. वीस वर्षांत हा प्रयोग मी किती वेळा केला असेल, आणि पाच दिवस एका मोठ्या स्ट्रॉपुढे बसून मी बोट कुठे आहे ते शोधलं नाही. टाकीतून पेट्रोल नुसतं उताराने खाली येतं. जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यावी लागते. ती आली नाही तर वर पोकळी तयार होते आणि पेट्रोलला धरून ठेवते. बाऊलमध्ये होतं तेवढ्यावर पोनी दीड मिनिट जगायची. प्लगचं पांढरं टोकही तेच सांगत होतं, पेट्रोल कमी पडतंय. मग आम्ही थांबायचो, तेवढ्यात कुठून तरी थोडी हवा शिरायची, आणि आम्हाला वाटायचं मॅग्नेट निवलं. म्हणून तर झाकणाला मधोमध सुईएवढं भोक असतं. मी झाकण उलटं केलं. भोक नव्हतं. वर, जिथे भोक असायला हवं तिथे, करड्या रंगाची एक टिकली बसलेली होती, चिंचोक्याएवढी, दगडासारखी.

एम-सील. मला बघताक्षणी आठवलं, कारण ते मीच मळलं होतं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे नंतर सगळ्यांना तोंडपाठ झालं, पण त्या रात्री आम्हाला एवढंच कळत होतं की भरती आणि पाऊस एकमेकांना सोडत नाहीयेत. माझं लग्न व्हायचं होतं, तेव्हा मी इथेच राहायची. लाइट गेलेली. शेडच्या पत्र्याला वर भोकं, आणि त्यातली एक धार बरोबर पोनीच्या टाकीवर. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर बाबांनी टाकीतलं पाणी काढलं आणि मला म्हणाले, बाय, एम-सील मळ. मी मेणबत्तीच्या उजेडात काळी आणि पांढरी कांडी मळत बसले, दोन्ही रंग एक होऊन करडा होईपर्यंत. बाबांनी त्यातली गोळी घेतली आणि भोकावर दाबली. पावसाळ्यापुरती, असं म्हणाले असावेत. दसऱ्याला ती काढायची राहिली. आणि पोनी तरीही चालत राहिली, पंधरा दसरे, कारण झाकणातला बुचाचा वायसर कुजका होता आणि कडेने हवा घ्यायचा. यंदा पुतण्याने तो काढून नवा, घट्ट बसवला. वर टाकीही फुल केली, त्यामुळे ताणायला आत हवाच उरली नाही. एकाने वरून बंद केलं होतं, दुसऱ्याने कडेने बंद केलं. दोघांनीही तिची काळजीच घेतली होती.

टिकली स्क्रूड्रायव्हरने अखंड निघाली. तिच्यावर अंगठ्याचा ठसा होता. वळ्या सगळ्या स्पष्ट, आणि मधोमध आडवा एक व्रण, दोरीने कापलेला. मी माझा अंगठा लावून पाहिला, मावत होता. बाबांचा. आता दर वर्षी हयातीच्या दाखल्याला मशीन त्यांचा अंगठा घेत नाही. पुसा, पुन्हा ठेवा, दुसरा ठेवा, बोट ठेवा. काउंटरवरची मुलगी वैतागते, मग डोळ्यांवर कॅमेरा धरतात. रेषाच उरल्या नाहीत. इथे मात्र वीस वर्षं तापल्या पत्र्यावर बसून एकूण एक रेष शाबूत होती.

पुतण्या ओरडून सांगायच्या बेतात होता. मी त्याला गप्प केलं.

गेल्या वर्षापासून बाबांना विसरण्याची धास्ती बसली आहे. उशाशी डायरी असते. गोळी घेतली. गॅस बंद केला. लाइटबिल भरलं. शब्दांखाली दोन-दोन रेघा. एखादी गोष्ट विसरल्याचं कोणी दाखवून दिलं तर दिवसभर गप्प होतात आणि रात्री डायरी पुन्हा वाचतात. त्यांना जाऊन सांगायचं, तुझ्याच हाताने भोक बुजवलंस, आणि विसरलास, आणि वर मॅग्नेटला नाव ठेवलंस? मला ते जमलं नाही. ते देवळातून आले तेव्हा पोनी चालू होती, दहा मिनिटं झाली तरी एक खोकला नाही. त्यांनी पत्र्यावर पंजा ठेवला. पुतण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी मोठ्याने, त्यांच्या डाव्या कानात, म्हणाले, “मॅग्नेटच होतं बाबा. कंडेन्सर बदलला.” त्यांनी मान हलवली. चेहरा उजळला, हे खरं. पण जसा उजळायला हवा होता तसा उजळला नाही, असं मला वाटलं. कदाचित ते माझं नंतरचं वाटणं असेल.

गुरुवारी ट्रेलर आला. गल्लीतल्या डांबरावर जुने टायर आणि फळ्या अंथरल्या. बाबांना दोघांनी धरून सीटवर चढवलं. दोरी पुतण्याने ओढली, बाकी लिव्हरा बाबांनी. डिझेलने काळा ढेकर दिला तेव्हा समोरच्या सोसायटीच्या बाल्कन्यांत माणसं आली, कोणी मोबाइल धरले, कोणी खिडक्या लावून घेतल्या. ती हळू, फळी फळी तपासत, चैनीचा प्रत्येक पत्ता वाजवत चढली. ट्रेलरवर मधोमध उभी राहिली. बाबांनी डिझेल तोडलं आणि बराच वेळ खाली उतरले नाहीत. मग एकदम आठवल्यासारखं वाकून त्यांनी पोनीचा कॉक बंद आहे ना ते चाचपलं. बंद होता. तहानेलीच निजवली होती. दोन दिवसांत जिचे तुकडे होणार, तिच्या कार्बोरेटरमध्ये डिंक होऊ नये म्हणून.

रात्री झोप लागेना. फसवल्याचं दुःख होतंच, पण त्याहून एक वेगळी गोष्ट टोचत होती. हा उलगडा बाबांना केवढा आवडला असता. एम-सील, कुजका वायसर, पोराचा नवा वायसर, फुल टाकी. ही गोष्ट त्यांनी पारावर महिनाभर सांगितली असती, स्वतःच्या विसरण्यासकट, हसत हसत. किंवा नसतीही सांगितली, डायरी उघडून बसले असते. मला माहीत नाही. मी ते त्यांच्यावर सोडलंच नाही. त्यांनी डोझरला क्रेन लावू दिली नाही, आणि मी त्यांना लावली.

तर, शुक्रवारी सकाळी त्यांनी जुना कंडेन्सर मागितला. मी म्हटलं, मिस्त्रीकडे राहिला, आणते. दुपारी रबाळ्याला एका दुचाकीच्या गॅरेजात गेले. त्या मिस्त्रीकडे भंगाराचा डबा होता. त्यातून एक कळकट, बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर निवडला. तो पैसे घेईना. मी तेलकट कागद मागितला, त्यात गुंडाळला. खोटं पूर्ण करायचं तर रीतसर करावं.

बाबा पडवीत बसले होते. कागद उघडला, कंडेन्सर तळहातावर घेतला, चष्मा कपाळावर ढकलला. त्या गुळगुळीत अंगठ्याने तो दोनदा फिरवला, वायरचं टोक पाहिलं, क्लिपची बाजू पाहिली.

“ह्यो आपला नाय,” ते म्हणाले. “इस्कूटरचा हाय.”

मी काही बोलले नाही. पर्समधल्या चिल्लरच्या कप्प्यात ती करडी टिकली होती. हात तिथवर गेलाही होता. बाबांनी कंडेन्सर लुंगीला पुसला, बाकाखालचा बिस्किटांचा डबा ओढला. पॉइंट, जेट, स्प्रिंगा, फुटके प्लग असला चाळीस वर्षांचा ऐवज त्यात आहे. त्यात तो टाकला आणि झाकण लावलं.

“असूंदे,” म्हणाले. “कामाला येल.”